मनाची वही: स्टोइक विचारातून आलेली उपचारपद्धती घरच्या घरी कशी वापरायची

स्टोइक तत्त्वज्ञानाचं नाव काढलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर एक कोरडा, न रडणारा, न हसणारा माणूस येतो. संगमरवरी पुतळ्यांच्या फोटोंवर छापलेली वाक्यं मोबाइलवर फिरत असतात, त्यामुळे ही समजूत आणखी घट्ट झाली आहे. आपल्या बडोद्यात त्यात घरची भरही पडते. मराठी आजी म्हणते, "देवाने ठेवलं तसं राहावं." समोरच्या घरातले गुजराती काका म्हणतात, "जे थाय ते सारा माटे", म्हणजे जे होतं ते चांगल्यासाठीच. दोन्ही वाक्यांनी माणसाला धीर येतो, पण स्टोइक मंडळी तेवढ्यावर थांबत नव्हती. त्यांचा प्रश्न जास्त कटकटीचा होता: जे झालं त्याबद्दल तुम्ही स्वतःशी नेमकं काय बोललात?

ही परंपरा इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये सुरू झाली. सायप्रस बेटावरून आलेला झेनो तिथल्या एका चित्रं रंगवलेल्या ओसरीत शिकवत असे. पुढे रोमन काळातल्या तिघांचं लिखाण आपल्यापर्यंत नीट पोचलं. सेनेका हा सम्राट नीरोचा शिक्षक आणि गडगंज श्रीमंत, एपिक्टेटस जन्माने गुलाम, आणि मार्कस ऑरेलियस (१२१–१८०) स्वतःच सम्राट. एपिक्टेटसने स्वतः काही लिहिलं नाही. त्याची शिकवण एरियन नावाच्या शिष्याने उतरवून ठेवली. त्यातल्या एका विधानाचा आशय असा: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दल त्याने करून घेतलेलं मत अस्वस्थ करतं.

मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलेल्या पण त्याला कंटाळलेल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे विधान उपचाराच्या खोलीत आणलं. त्यांच्या पद्धतीला आपण विवेकनिष्ठ उपचार किंवा आरईबीटी म्हणतो. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत पोचवली. साधारण त्याच सुमारास, म्हणजे १९६० च्या दशकात, पेनसिल्वेनिया विद्यापीठात ॲरन बेक नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. रुग्णांच्या मनात आपोआप उमटून जाणारी छोटी छोटी वाक्यं त्यांना दिसू लागली आणि त्यातून सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, उभा राहिला. नैराश्यावरच्या १९७९ च्या ग्रंथात बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची तात्त्विक मुळं स्टोइकांपर्यंत जातात हे मोकळेपणाने नोंदवलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोष्ट वाचून उपयोगाची नाही, लिहून उपयोगाची आहे. डोक्यातलं वाक्य डोक्यातच तपासायला गेलं की ते निसटतं. कागदावर आलं की त्याला पळायला जागा राहत नाही.

तयारी

एक शंभर पानी वही आणि पेन. मोबाइलवर लिहू नका. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मेसेजने डोकं फिरलं, तो तिथून एका बोटावर असतो. ही वही कोणाला दाखवायची नाही हे घरात आधीच सांगून टाका. मार्कस ऑरेलियसनेही आपली टिपणं डॅन्यूब नदीकाठच्या मोहिमांच्या काळात स्वतःसाठीच लिहिली होती, तीही रोमच्या लॅटिनमध्ये न लिहिता ग्रीकमध्ये.

पहिले दोन आठवडे मोठी दुखणी वहीत आणायची नाहीत. सासऱ्यांशी वीस वर्षं चाललेला अबोला, भावाबरोबरचा वाड्याच्या हिश्शाचा वाद, हे सगळं थांबू दे. एपिक्टेटस शिष्यांना सांडलेल्या थोड्याशा तेलापासून सुरुवात करायला सांगतो. आपण मंगळबाजारात कोणीतरी मारलेल्या कोपरापासून, किंवा उत्तरायणात पहिल्याच पाच मिनिटांत कापल्या गेलेल्या पतंगापासून सुरुवात करू.

पहिली पायरी: झटका येऊ द्या

बहुतेक लोक इथेच चुकतात. राग येताच "मला राग यायला नको होता" असं स्वतःला बजावतात आणि एका त्रासाचे दोन करतात. स्टोइकांनी अशी अपेक्षा कधीच केली नाही. सेनेका क्रोधावरच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट सांगतो की अंगावर गार पाणी उडाल्यावर शहारा येतो तसा मनाचा पहिला झटका आपोआप येतो, तो विचाराने थांबत नाही. राग पुढे सुरू होतो, जेव्हा मन त्या झटक्याला "बरोबर आहे, माझ्यावर अन्याय झाला, आता याला दाखवतोच" अशी संमती देतं.

रोमन लेखक ऑलस गेलियसने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वादळात सापडलेल्या जहाजावर एक नामवंत स्टोइक शिक्षक होता. त्याचाही चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर त्याला याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं: चेहरा पांढरा पडणं शरीराचं काम आहे; "आता सगळं संपलं" या विचाराला मान डोलावायची की नाही, ते माणसाचं.

तेव्हा झटका आला की वहीत फक्त शरीराची नोंद करा. छातीत धडधड, कान गरम, घसा दाटला. कारण लिहू नका. आणि निदान पंधरा मिनिटं कुठलंही उत्तर पाठवू नका. रागावरचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे उशीर, असं सेनेकाच म्हणतो, आणि त्याच्या काळात ब्लू टिक नव्हती.

दुसरी पायरी: घटना वेगळी, वाक्य वेगळं

हा सगळ्या पद्धतीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. पानाचे तीन भाग करा: घटना, वाक्य, परिणाम. एलिस यांची ए-बी-सी मांडणी हीच.

बडोद्यात घरोघरी दिसणारं उदाहरण घेऊ. दांडिया बाजारातल्या एक काकू आहेत असं समजा. मुलगा टोरांटोला असतो आणि दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. या रविवारी आला नाही. दुपारी काकूंना जेवण गेलं नाही, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर सुरसागरावर फिरायला गेल्या नाहीत, आणि रात्री काकांवर उगाचच खेकसल्या. विचारलं तर त्या म्हणतील, "फोन आला नाही म्हणून असं झालं." मधली पायरी त्यांना दिसतच नाही.

घटनेच्या रकान्यात सीसीटीव्हीला दिसलं असतं तेवढंच लिहायचं: "रविवारी फोन आला नाही." एवढंच. "मुलाने दुर्लक्ष केलं" ही घटना नाही, ते मत आहे. मार्कस स्वतःला हीच सवय लावत होता. त्याच्या एका टिपणाचा मथितार्थ असा: मूल आजारी आहे हे मला दिसतं; ते दगावेल हे मला दिसत नाही. जेवढं दिसतं तिथेच थांब, आतून भर घालू नकोस.

वाक्याच्या रकान्यात मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहा, सभ्य करून नको. "आता त्याला आईची गरज उरली नाही." आणि थोडं खणलं तर खाली आणखी एक सापडतं: "इतकं केलं त्याच्यासाठी, निदान आठवड्यातून एकदा त्याने फोन केलाच पाहिजे." एलिस यांचा सगळा भर या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर होता. इच्छा असणं ठीकच. इच्छेचा हुकूम झाला की समोरच्याने तो पाळला नाही तेव्हा मन पेटतं किंवा कोसळतं. पहिल्या प्रकारच्या वाक्यावर बेक यांचं काम आहे. त्यांनी विचारांतल्या ठरावीक चुका मांडून ठेवल्या: पुरावा नसताना दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याची खात्री बाळगणं, एका प्रसंगावरून कायमचा निष्कर्ष काढणं, सगळं किंवा काहीच नाही अशा तराजूत तोलणं. काकूंच्या वाक्यात यातल्या दोन तरी आहेत.

आता या वाक्यांना प्रश्न विचारायचे. पुरावा काय? गेल्या कित्येक महिन्यांत फोन किती वेळा चुकला? दुसरं काय कारण असू शकतं? (इकडे रविवारी सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे शनिवारी रात्रीचे दहा-अकरा. आठवडाभर राबलेला माणूस सोफ्यावरच झोपला असेल.) शेवटचा प्रश्न खास स्टोइक आहे आणि लोक तो टाळतात: समजा, वाईटातलं वाईट खरं निघालं, फोन खरोखरच कमी होत गेले, तर मी काय करीन? हा प्रश्न दुखतो. पण त्याचं उत्तर लिहून झालं की भीती निम्मी उतरते, कारण उत्तरात बहुधा करण्यासारखं काहीतरी निघतं.

शेवटी नवीन वाक्य लिहायचं, आणि ते गोड नको, खरं हवं. "माझं लेकरू माझ्यावर जिवापाड प्रेम करतं" असं लिहून काकूंचं मन मानणार नाही. मानेल ते असं: "फोन आला नाही. का, ते मला माहीत नाही. मला वाईट वाटलंय. मी स्वतः फोन करून विचारू शकते." त्रासाला शंभरपैकी किती गुण, ते आधी आणि नंतर लिहा. ऐंशीचे पन्नास झाले तरी पुष्कळ झालं. शून्य व्हायला हवं हा हट्ट धरला तर तोही एक हुकूमच.

स्टोइकांपेक्षा आधुनिक उपचार इथे एक पाऊल पुढे गेला. सीबीटी नुसत्या युक्तिवादावर थांबत नाही, करून पाहायला लावतो. काकूंनी वहीत अंदाज लिहायचा: "मी फोन केला तर तो वैतागून बोलेल." मग फोन करायचा, आणि खरंच काय झालं ते त्याखाली लिहायचं. असे अंदाज आणि निकाल साठत गेले की मनाला पटवावं लागत नाही, वहीच पटवते.

तिसरी पायरी: ताब्यातलं आणि ताब्याबाहेरचं

एपिक्टेटसची यादी फार कडक आहे. आपलं मत, आपली इच्छा, आपला नकार आणि आपण उचलतो ते पाऊल, एवढंच त्याने आपल्या ताब्यात ठेवलं. मालमत्ता, लौकिक, हुद्दा हे सगळं बाहेर. आपलं शरीरसुद्धा बाहेर.

बडोदेकरांना हे समजावायला विश्वामित्री पुरेशी आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीचं पाणी धोक्याच्या २६ फुटांच्या खुणेच्या कितीतरी वर गेलं, घरांत शिरलं आणि मगरी वस्तीत आल्या. तेव्हापासून पावसाने जोर धरला की अनेक जण रात्र रात्र मोबाइलवर आजवा तलावाची पातळी बघत बसतात. आकडा बघितल्याने तो खाली येत नाही, फक्त झोप जाते.

पानावर उभी रेघ मारा. उजवीकडे: पाऊस, आजव्यातून सुटणारं पाणी, शेजाऱ्याने बांधलेली भिंत. डावीकडे: कागदपत्रं वरच्या मजल्यावर हलवणं, स्कूटर उंच जागी लावणं, विम्याची मुदत तपासणं, खालच्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांना रात्री कोण आणणार ते आधी ठरवणं, महापालिकेत लेखी तक्रार देणं आणि तिचा पाठपुरावा करणं. डावी बाजू बहुतेक वेळा वाटते त्याहून लांब निघते. पातळी दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी बघायची. बाकीचा वेळ डाव्या यादीतलं एक काम उचलायचं.

काही गोष्टी मात्र रेघेवरच बसतात: मुलाखत, परीक्षा, मुलीचं लग्न. त्यांच्यासाठी स्टोइकांचा धनुर्धारी उपयोगी आहे. रोमन लेखक सिसेरोने तो नोंदवून ठेवला आहे. नेम नीट धरणं धनुर्धाऱ्याचं काम; बाण सुटल्यावरचा वारा त्याचा नाही. म्हणून उद्दिष्ट बदलून लिहा. "नोकरी मिळाली पाहिजे" हे खोडा आणि "संभाव्य प्रश्नांची तयारी करीन, वेळेआधी पोचीन, येत नसेल तिथे येत नाही असं सांगीन" हे लिहा. मेहनत तेवढीच राहते, पण रात्रीची झोप दुसऱ्याच्या निर्णयावर टांगलेली राहत नाही.

चौथी पायरी: सकाळची पाच मिनिटं

सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय काय होतं ते आठव, असं एपिक्टेटस सांगतो: कोणी पाणी उडवतं, कोणी ढकलतं, कोणी शिव्या देतं, कोणी कपडे चोरतं. आणि मग ठरव की मला आंघोळ करायची आहे, शिवाय मन ठिकाणावरही ठेवायचं आहे. स्नानगृहाच्या जागी आपल्याकडचं लग्नघर घाला. मानपानावरून कोणीतरी रुसणार आहे, कोणती आत्या "अजून मुलाचं जमत नाही का?" विचारणार आहे, आणि जेवणाची पंगत एक तास उशिरा बसणार आहे. हे तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत असतं. मग प्रत्येक वेळी तो धक्का नवा का वाटतो? सकाळी दोन-तीन ओळी लिहा: काय होण्याची शक्यता आहे आणि तेव्हा मी कसं वागीन.

इथे एक सावधगिरी. ज्यांना मुळातच चिंतेचा त्रास आहे त्यांच्या हातात हा प्रकार उलटू शकतो. अडचणींची यादी संपतच नाही. म्हणून दोन नियम. पाच मिनिटांचा गजर लावायचा, आणि प्रत्येक "असं झालं तर" पुढे "मी हे करीन" लिहायचंच. दुसरा भाग लिहिता येत नसेल तर ती तयारी राहिली नाही, नुसती काळजी झाली, वही मिटा. पॅनिकचे झटके येत असतील तर ही पायरी घरी करूच नका, उपचारकाबरोबर करा.

पाचवी पायरी: रात्रीचा हिशेब

दिवा नेला, बायको गप्प झाली, की मी माझा पूर्ण दिवस तपासतो, काहीही लपवत नाही, असं सेनेका लिहितो. कुठे चुकलो, काय बरं केलं, उद्या काय वेगळं. मला त्यातला सूर फार आवडतो. तो स्वतःला सांगतो की पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ केलं. आपल्याकडे आत्मपरीक्षण म्हटलं की लोक स्वतःला झोडपायला बसतात. तसं होत असेल तर क्रम बदला आणि आज काय बरं केलं ते आधी लिहा. दहा मिनिटांच्या वर बसू नका.

ही पद्धत कुठे वापरायची नाही

"घटना त्रास देत नाही, तुझं मत त्रास देतं" हे वाक्य स्वतःला विचारायचं आहे, दुसऱ्याला ऐकवायचं नाही. मार खाणाऱ्या बायकोला, ऑफिसात छळ सोसणाऱ्याला ते ऐकवणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा आहे. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी या शहरात आले. जातीमुळे राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि ते कमाटी बागेत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांना "लोकांची मतं आपल्या ताब्यात नसतात" हे सांगणारा माणूस तत्त्वज्ञ ठरला नसता. स्टोइकांच्या चार सद्गुणांत शहाणपण, धैर्य आणि संयम यांच्या जोडीला न्यायही आहे, हे त्यांची वाक्यं फॉरवर्ड करणारे विसरतात. अन्यायापुढे वहीचा उपयोग एवढाच: डोकं थंड ठेवून पुढचं पाऊल ठरवायला.

दुःखाचंही तसंच. घरात मृत्यू झाला असेल तर पहिले काही महिने रकाने आखू नका. सेनेकाचा स्नेही ल्युसिलियस याचा मित्र गेला, तेव्हा त्याला लिहिलेल्या पत्रात सेनेका रडू नकोस असं म्हणत नाही. आणि आपला मित्र सेरेनस गेला तेव्हा आपण स्वतः बेसुमार रडलो, हे तिथेच कबूल करतो.

आणि आजार हा आजार असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, कशातच रस न राहणं, ऐकू येणारे किंवा दिसणारे भास, टोकाचा उत्साह, यांना वही पुरत नाही. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी वहीच्या भरवशावर बंद करू नका. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा कारेलीबागच्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात दाखवता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर काहीही लिहीत न बसता १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनला फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बोलवा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत आहे.

उपचारकाकडे जाताना वही बरोबर न्या. "मला नुसतं टेन्शन येतं" असं सांगितल्यावर पहिल्या काही भेटी टेन्शन म्हणजे काय हे शोधण्यात जातात. तीन आठवड्यांची पानं समोर ठेवली तर तेच वाक्य वेगवेगळ्या घटनांखाली पुन्हा पुन्हा आलेलं त्यांना लगेच दिसतं. सगळी पानं दाखवायची नसतील तर ते पुन्हा येणारं वाक्य तेवढं वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, खाली त्याच्या तारखा लिहा, आणि पहिल्या भेटीला तोच कागद पुढे करा.